कूलरची मोटर, सुटी

शनिवारी आमच्या चर्चच्या जुन्या पाळकसाहेबांचं सामान ट्रकमध्ये चढलं. नवे सोमवारी यायचे होते. मधल्या रविवारी उपासना आटोपली तशी मी आणि आमचे खजिनदार यादी घेऊन पाळकगृहात शिरलो. पंखे सहा, गीझर एक, पाण्याची मोटर एक (आवाज करते). कूलरपाशी गाडी अडली. स्टँड मंडळीचा (म्हणजे चर्चच्या सभासदांचा), कूलर पाळकसाहेबांचा आणि आतली मोटर महिला मंडळाने घेऊन दिलेली. पाळकीणबाईंनी कूलर नेला, पण मोटर काढून, फडक्यात गुंडाळून खिडकीत ठेवली होती. इतका चोख हिशेब मी अजून कुठल्या समितीत पाहिला नाही.

मालमत्तेचं काम माझ्याकडे आलं तेव्हा वाटलं होतं, रंगरंगोटी आणि नळ, एवढंच असेल. खरी गोम ही की घर राहणाऱ्याचं नाही आणि सांभाळणाऱ्यांचंही नाही. खर्च मंडळीचा, मालकी ट्रस्ट असोसिएशनची, म्हणजे चर्चच्या मिळकती जिच्या नावावर असतात त्या संस्थेची. आमचं चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं ते आपल्याच नागपुरात, सदरमधल्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये, 29 नोव्हेंबर 1970 ला. सहा चर्चेस एका दिवसात एक झाली. कागद काही झाले नाहीत. आमच्या आखीव पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डवर) अजून जुन्या मिशनचंच नाव आहे, तेही चुकीच्या स्पेलिंगचं. फेरफाराचा अर्ज घेऊन गेलो की बाबू विचारतात, "हे मिशन कुठं आहे आता? त्यांची सही आणा." सही करणारे कधीचेच गोऱ्यांच्या कबरस्तानात आहेत, हे मी त्यांना सांगत नाही.

दर दोन-तीन वर्षांनी एखादा बिल्डर येतो. आवारातलं कडुलिंब बघून म्हणतो, एवढी जागा पडून आहे, पाळकसाहेबांना टू बीएचके देतो, वरून हॉल बांधून देतो. मी चहा पाजतो आणि सार्वजनिक ट्रस्ट कायद्याचं कलम 36 सांगतो. सार्वजनिक ट्रस्टची जागा विकायची, दान द्यायची, अदलाबदल करायची किंवा इमारत तीन वर्षांहून जास्त मुदतीने भाड्याने द्यायची, तर आधी धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागते. चहा संपायच्या आत माणूस उठतो.

मला चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. बंगला हा पाळकाच्या पगारातलाच भाग धरतात. म्हणून हातात रक्कम कमी पडते. आणि निवृत्त झाल्यावर बंगला तर सोडावाच लागतो. गेलेल्या पाळकसाहेबांचं स्वतःचं घर नाही, वय साठीकडे झुकलेलं. यादीवर सही करताना ते नुसते म्हणाले, "मागच्या खोलीचे कवेलू (छपरावरची कौलं) यंदा फेरून घ्या बरं." सात वर्षं त्या खोलीत बादली ठेवून झोपले. दरवर्षी आम्ही "पुढच्या बजेटमध्ये" म्हणायचो. मीच म्हणायचो.

आता मृगाआधी कवेलू फेरायला माणूस सापडत नाही. सगळीकडे स्लॅब झाले, म्हातारे कारागीर छपरावर चढत नाहीत. शेवटी कामठीकडचा एक जण मिळाला, त्याने तीनशे नवे कवेलू लागतील म्हणून सांगितलं.

सोमवारी नवे पाळकसाहेब आले, स्वतःचा कूलर घेऊन. खिडकीतली मोटर त्याला बसेना. यादीच्या तळाशी मी लिहिलं: कूलरची मोटर एक, सुटी.