लाल पट्टीतल्या दोन कॉर्ड

१२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची लाइट एकदमच गेली. कळवा-पडघा ४०० केव्हीच्या लाइनी ट्रिप झाल्या होत्या, लोकल जागच्या जागी उभ्या होत्या, हे सगळं नंतर समजलं. महापेतल्या आमच्या डेटा सेंटरच्या कंट्रोल रूममध्ये मला एवढंच दिसलं, की बीएमएसचा, म्हणजे इमारतीच्या वीज-यंत्रणेवर नजर ठेवणाऱ्या सिस्टीमचा, स्क्रीन आधी लाल झाला आणि मग चक्क काळा.

मी धावत डीजी यार्डात, म्हणजे डिझेल जनरेटरच्या आवारात गेलो. चारपैकी तीन सेट घरघरत होते, चौथा नुसता टकटक करत होता. स्टार्टरची बॅटरी उतरलेली. एक सेट जादा ठेवतात तो अशाच दिवसासाठी, त्यामुळे तिघांनी लोड घेतला. पूर्ण लोडवर १५०० केव्हीएचा सेट तासाला ३०० लिटरच्या आसपास डिझेल पितो. टाकी भरलेली होती. सुटलो म्हटलं.

तेवढ्यात नाशिकच्या औषध वितरकाचा फोन. त्यांचा सर्व्हर आमच्याकडे असतो. "साहेब, आमचं सगळं बंद पडलंय. हॉस्पिटलच्या ऑर्डरी अडकल्यात." ऐन कोविडमध्ये.

आमच्या प्रत्येक रॅकमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या कपाटात, मागे सॉकेटच्या दोन पट्ट्या असतात, लाल ए फीडची, निळी बी फीडची; फीड म्हणजे विजेचा वेगळा पुरवठा. सर्व्हरलाही दोन पॉवर सप्लाय. एक बाजू गेली तरी दुसरी तारून नेते. वितरकाच्या रॅकचं मागचं दार उघडलं, तर दोन्ही कॉर्ड लाल पट्टीत! निळी पट्टी कोरी करकरीत. मागे एकदा त्यांच्याच माणसांनी सर्व्हर खालून वर हलवला होता, कॉर्ड पलीकडे पुरेना, म्हणून जवळच्या सॉकेटात खुपसली.

पण लाल पट्टी मेलीच का? लाइट गेल्यापासून डीजीचा पुरवठा येईपर्यंत वीज धरून ठेवतो तो यूपीएस. ए बाजूच्या यूपीएसच्या बॅटऱ्या एकीला एक जोडलेल्या; त्यातली एक आतून तुटली की अख्खी माळ निकामी. डीजीचा पुरवठा येईपर्यंत ए फीड ११ सेकंद अंधारात होता. बॅटऱ्यांची तिमाही तपासणी लॉकडाऊनमुळे पुढे ढकललेली होती. 'पुढच्या महिन्यात' या शेऱ्याखाली सही माझीच.

सर्व्हर तर लगेच उठला, पण डेटाबेस लेखन चालू असताना आपटलेला. तो सावरायला तीन तास लागले. त्यांना नाशिकहून येणं शक्य नव्हतं, म्हणून मी एका हातात व्हिडिओ कॉल धरून दुसऱ्या हाताने ते सांगतील ते टाइप करत होतो. मास्कमुळे चष्म्यावर वाफ.

मध्येच ते म्हणाले, "करारात ९९.९८२ टक्के वेळ वीज चालू राहील असं लिहिलंय ना?" हिशोब मला पाठ होता. वर्षाला साधारण ९५ मिनिटांची सवलत, आणि आमचे झाले होते ११ सेकंद. कागदावर आम्ही स्वच्छ. तोंडातून शब्द निघाला नाही.

मॅनेजर म्हणाले, "रिपोर्टात ग्राहकाची केबलिंगची चूक लिही." ती लिहिली, पण बॅटरीच्या खाली. ते वाचून काही बोलले नाहीत, तोंड मात्र वाकडं केलं.

संध्याकाळी टॉर्च घेऊन एकेक रॅक मागून उघडून पाहिला. असे आणखी दोन सापडले. एक कुणाचा तरी रिकामा पडलेला सर्व्हर, ज्याच्या बंद पडण्याचा कुणाला पत्ताही नव्हता.

दुसरा आमचाच, बीएमएसचा.