तिवराचं मूळ गुदमरतं तेव्हा

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ ही जहाजं धडकली आणि सांडलेलं तेल खारफुटीत शिरलं. अशा वेळी सगळे पानं बघतात. खरं तर चिखल बघायला हवा.

तिवर हे खारफुटीतलं झाड; त्याची पेन्सिलीएवढी श्वसनमुळं चिखलातून वर येतात. त्यांच्या सालीवरच्या छिद्रांतून हवा खालच्या मुळांपर्यंत जाते, थोडी बाहेरही झिरपते. म्हणून बारीक मुळांभोवती गंजाच्या रंगाचा थर दिसतो. अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू याच हवेवर जगतात. तेलाने छिद्रं बुजली की तो थर जातो, सल्फेटवर जगणारे जिवाणू मुळाला भिडतात आणि त्यांनी सोडलेला हायड्रोजन सल्फाइड वायू मुळाला मारक ठरतो. गटाराचं पाणीही ऑक्सिजन खाऊन हेच करतं, फक्त सावकाश.

ओहोटीला श्वसनमुळाशेजारचा वीतभर खोल चिखल काढा आणि लगेच बघा. तांबूस रेघा असतील तर मूळ श्वास घेतंय. त्या नसून सगळं काळंकुट्ट असेल, तर पान हिरवं असलं तरी भरवसा नको. (हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यांसारखा वास मात्र निरोगी खारफुटीतही थोडा येतोच.)

सफाईच्या उत्साहात आत तुडवत शिरू नका. तेल चिखलात दाबलं जातं आणि तिथे हवेअभावी वर्षानुवर्षं टिकतं. तरंगतं तेल भरतीला होडीतून शोषक पट्ट्यांनी उचलावं. डिटर्जंट तर नकोच.