टोमॅटो हिरवा, ढोबळी मिरची तपकिरी

जुन्नर तालुक्यातलं आमचं हायस्कूल लहान आहे. पाचवी ते दहावी, इयत्तेला एकच तुकडी. चित्रकला आणि संगीत या दोन्हींना मिळून एक खोली. भिंतीला टेकवून ठेवलेले ड्रॉइंग बोर्ड, कोपऱ्यात पेटी आणि तबल्याची जोडी, कपाटात तांब्या-पितळेची जुनी भांडी. शनिवारी तबल्याचे सर येतात. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक आणि प्रवेशिकेला बसणारी मुलं त्यांच्याकडं असतात. बाकीचे दिवस खोली माझी.

पोर्शन मागं पडला की चित्रकलेचा तास गणिताला जातो, हे कुठल्याही शाळेत नवीन नाही. मात्र नववीच्या इंटरमिजिएटच्या सरावाला आमच्याकडं कुणी हात लावत नाही, कारण त्याला गुण चिकटलेले आहेत. शासकीय रेखाकला परीक्षेत इंटरमिजिएटला अ श्रेणी मिळाली तर दहावीला 7 गुण वाढतात, ब ला 5, क ला 3. पालक त्या गुणांसाठी मुलांना पाठवतात. माझी त्याला हरकत नाही. मूल एकदा खोलीत आलं, हातात ब्रश घेतला, की पुढचं बघता येतं.

सांगायचं आहे ते नववीतल्या एका मुलाबद्दल. घरची टोमॅटोची शेती, चार बुकं शिकलेले आईवडील, मोठा चुलतभाऊ आयटीआयला इलेक्ट्रिशियन. मुलाला एलिमेंटरीला, म्हणजे इंटरमिजिएटच्या आधीच्या रेखाकला परीक्षेला, अ श्रेणी होती. कलशाचं किंवा वाटीचं तोंड काढताना बहुतेक मुलांच्या लंबवर्तुळाला दोन्ही टोकांना कोपरे येतात, ते घालवता घालवता माझं वर्ष जातं. या मुलाच्या लंबवर्तुळाला मी कधी खोडरबर लावलं नाही. छायाप्रकाश तर असा, की वस्तूच्या सावलीच्या बाजूला कडेलगत जो अगदी पुसट परावर्तित उजेड असतो, तो त्यानं न सांगता पकडलेला असायचा. कॉलेजातल्या मुलांनाही तो दाखवून द्यावा लागतो.

सप्टेंबरचा दिवस होता, परीक्षा तोंडावर आलेली. पूर्ण वेळ लावून स्थिरचित्राचा सराव ठेवला होता. मी ग्रुप लावला: तांब्याचा कलश, दोन पिकलेले टोमॅटो, एक हिरवी ढोबळी मिरची, दोन जांभळी वांगी, मागं मोहरीच्या पिवळ्या रंगाचं कापड. सकाळपासून पाऊस लागला होता. हा मुलगा सायकलवरून भिजत आला, दप्तरही भिजलेलं. त्याच्या पोस्टर कलरच्या बाटल्यांवरची कागदी लेबलं पाण्यानं सुटून दप्तराच्या तळाशी लगदा होऊन बसली होती. त्यानं बाटल्या पुसल्या, ओळीत मांडल्या आणि कामाला लागला.

दोन-अडीच तासांनी शेजारच्या पोराचा आवाज आला, "काय रे, तुझा टोमॅटो सडला का?" आजूबाजूची हसली. त्यानं मान वर करून ग्रुपकडं पाहिलं, मग आपल्या कागदाकडं, परत ग्रुपकडं. म्हणाला, "समोर आहे तोच काढलाय."

मी उठून त्याच्या मागं जाऊन उभी राहिले. दोन्ही टोमॅटो शेवाळी हिरवे होते. ढोबळी मिरची तपकिरी तांबूस, आणि वांगी स्वच्छ निळी. कापड मात्र अगदी बरोबर, मोहरीचं मोहरी. आणि रंग सोडून बाकी सगळं इतकं पक्कं होतं, की मला पहिल्यांदा चूक न दिसता टोमॅटोचा गोलवाच दिसला. वरचा चकचकीत उजेड, देठाजवळची खोलगट सावली, टेबलावर पडलेली पडछाया, सगळं जागच्या जागी. मी मोबाइलवर त्या चित्राचा फोटो काढला आणि फोटोतला रंग काढून टाकला. मग समोरच्या ग्रुपचाही तसाच काळा-पांढरा फोटो काढला. दोन्ही एकाशेजारी एक धरले. उजेड आणि अंधार यांत फरक शोधून सापडत नव्हता.

वर्ग सुटल्यावर त्याला थांबवलं. वर्गासमोर एक शब्द बोलले नव्हते. विचारलं, "लेबलं गेल्यावर कुठली बाटली कुठली, हे कसं ठरवलंस?"

"अंदाजानं, बाई. हिरवी जास्त भरलेली होती, तेवढं लक्षात होतं. पण दोन बाटल्या सारख्याच भरलेल्या निघाल्या."

"बघून नाही कळलं?"

तो गप्प. मग म्हणाला, "टोमॅटो लाल असतो, मिरची हिरवी असते, ते पाठ आहे मला. पानं हिरवी, माती तपकिरी, वीट लाल. बाटलीवर नाव असलं की घेता येतं."

पाठ आहे. पाढे पाठ करावेत तसे या मुलानं जगाचे रंग पाठ केले होते, आणि एलिमेंटरीची अ श्रेणी त्या पाठांतरावर आणि बाटल्यांवरच्या छापील नावांवर मिळवली होती. मी घरच्या शेतीचं विचारलं. तो म्हणाला, "तोड्याच्या वेळी मी दाबून बघतो. तरी कच्चे येतात मधे. आण्णा ओरडतात, लक्ष कुठं असतं म्हणून."

रंगांधत्वाबद्दल एटीडीला, म्हणजे कलाशिक्षक पदविकेला असताना रंगशास्त्राच्या तासाला ऐकलं होतं, पण समोर कधी पाहिलं नव्हतं. निदान करणं माझं काम नाही, म्हणून मुलाला काही न बोलता मी मुख्याध्यापकांकडं गेले. विज्ञानाच्या सरांनाही बोलावून घेतलं. सरांचा पहिला प्रश्न रास्त होता: शाळेत दरवर्षी डोळे तपासतात, तेव्हा कसं निघालं नाही? ती तपासणी अक्षरांच्या तक्त्यावर होते. पांढऱ्यावर काळी अक्षरं. याची नजर घारीसारखी, शेवटची ओळही तो धडाधडा वाचतो. त्या तक्त्यात रंगाचा प्रश्नच नाही.

दुसऱ्या दिवशी आईला बोलावलं. बाई आल्या त्या घाबरूनच, पोरानं काहीतरी केलं असणार अशा समजुतीनं. मी चित्र पुढं ठेवलं आणि आधी चित्राचं कौतुक केलं, मग रंगांचं सांगितलं. त्या बराच वेळ कागदाकडं बघत राहिल्या. म्हणाल्या, "माझा भाऊ असाच आहे ओ बाई. आमच्या माहेरी त्याला कधी मिरच्या खुडायला पाठवायचे नाहीत. लाल-हिरवी एक करून आणायचा. सगळे म्हणायचे, कामचुकार आहे, मुद्दाम करतो."

विज्ञानाच्या सरांनी तिथंच फळ्यावर आकृती काढून समजावलं. लाल-हिरव्याचं हे रंगांधत्व एक्स गुणसूत्रावरून येतं. बाईकडं दोन एक्स असतात, एकात दोष असला तरी दुसरं सांभाळून घेतं. तिला स्वतःला सगळं नीट दिसतं. मुलाला एक्स एकच, आणि तो आईकडून आलेला. तोच दोषाचा आला तर सांभाळायला दुसरा नाही. म्हणून मामाचं भाच्यात दिसतं. आईनं विचारलं, "म्हणजे माझ्यामुळं?" सर म्हणाले, "तुमच्या हातात काहीच नव्हतं, ताई. तुमच्या आईलाही ठाऊक नसणार." मला सरांचं ते बोलणं फार बरं वाटलं. आकृती काढून हात झटकणारी माणसंही असतात.

ग्रामीण रुग्णालयातल्या नेत्र चिकित्सा अधिकाऱ्यांकडं मी आई आणि मुलाबरोबर गेले. त्यांनी इशिहाराचं पुस्तक काढलं. शिनोबू इशिहारा या जपानी नेत्रतज्ज्ञानं 1917 साली प्रसिद्ध केलेली ही ठिपक्यांची पानं आजही जगभर तपासणीला वापरतात. पहिलं पान सगळ्यांना वाचता येतं, त्यावर 12 असतात. मुलानं 12 म्हटलं. पुढच्या पानावर तो अडला. त्याच्या पुढच्यावर त्यानं भलताच आकडा सांगितला. मी खुर्चीवरून वाकून बघत होते, मला आकडा ढळढळीत दिसत होता आणि तो ठिपक्यांवर डोळे ताणून शोधत होता. एका पानावर त्यानं बोट ठेवून हळूच विचारलं, "यात आहे का खरंच काही?" आईनं तोंडाला पदर लावला.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं: ड्यूटान प्रकार, म्हणजे हिरव्याशी संबंधित. उपचार नाही, पण वाढणारंही नाही. नजर उत्तम आहे. पिवळा आणि निळा नीट ओळखू येतात. गोंधळ होतो तो लाल, हिरवा, तपकिरी यांत, आणि जांभळ्या-निळ्यात, फिक्या गुलाबी आणि राखाडीत. माझ्या डोळ्यांपुढं ते चित्र आलं. निळी वांगी आणि बिनचूक मोहरी कापड यांचा उलगडा तिथं झाला. या प्रकारात लाल काळवंडून दिसत नाही, उजळपणा बऱ्यापैकी जसाच्या तसा राहतो, म्हणून त्याचा छायाप्रकाश कुठंच फसला नव्हता.

परतताना एसटीत त्याला डाल्टनचं सांगितलं. आठवीच्या विज्ञानात अणुसिद्धांत शिकतात तो जॉन डाल्टन. त्याला आणि त्याच्या भावालाही हेच होतं. 1794 साली त्यानं स्वतःच्या या दिसण्यावर निबंध वाचला. डाल्टननं मृत्यूनंतर आपले डोळे तपासावेत असं सांगून ठेवलं होतं, ते जपून ठेवलेले होते. 1995 मध्ये त्यांतल्या डीएनएची तपासणी झाली तेव्हा त्याचा प्रकारही हिरव्याचाच निघाला. मुलगा खिडकीतून बाहेर बघत ऐकत होता. मग एकदम वळून म्हणाला, "त्याला पण पाठ करावं लागलं असणार, बाई."

शिक्षकांच्या खोलीत नंतर जे निघालं त्यानं आम्ही सगळेच हललो. भूगोलाच्या बाई म्हणाल्या, प्राकृतिक नकाशात मैदान हिरवं, पठार तपकिरी. हा मुलगा तिथंच दरवेळी गुण घालवतो आणि वहीत मात्र उत्तरं पाठ. प्रयोगशाळेत आम्लारी ओळखायच्या फिनॉल्फथॅलिन या दर्शकाचा फिका गुलाबी रंग त्याला कधी "आला" असं वाटलंच नव्हतं, तो शेजाऱ्याचं बघून लिहीत असे. महत्त्वाचं म्हणून आम्ही हिरव्या फळ्यावर लाल खडूनं लिहितो, ते त्याला सर्वांत पुसट दिसायचं. इतक्या वर्षांत एवढ्या विषयांतून एकानंही त्याला असं विचारलं नव्हतं, की तुला समोर काय दिसतं ते तुझ्या हातानं उतरवून दाखव. बाकी प्रत्येक विषय आधीच ठरलेलं उत्तर मागतो, आणि उत्तर पाठ करता येतं. चित्रकलेचा तास बघायला लावतो. तो तास गणिताला देताना काय देऊन टाकतोय, हे मी त्या दिवशी मुख्याध्यापकांना टेबलावर चित्र ठेवून सांगितलं. आवाज चढला असेल माझा. सरांनी ऐकून घेतलं.

वडिलांचं ओझं वेगळंच होतं. चुलतभावाच्या मागोमाग यालाही इलेक्ट्रिशियनला घालायचं, जमलं तर पुढं रेल्वेत असिस्टंट लोको पायलट, असं घरात ठरलेलं. ते शाळेत आले तेव्हा मीच बोलले. वायरीत लाल म्हणजे फेज, हिरवी म्हणजे अर्थिंग. या दोन्हींत फरक न कळणाऱ्या माणसाच्या जिवाला धोका आहे. लोको पायलटच्या वैद्यकीय चाचणीत रंगदृष्टी तपासतात आणि तिथं तो अडेलच. हे अठराव्या-विसाव्या वर्षी, पैसे आणि वर्षं घालवल्यावर कळण्यापेक्षा चौदाव्या वर्षी कळलं. आण्णा म्हणाले, "मग चित्रकलेचं तरी काय राहिलं, बाई? ज्याला रंग दिसत नाही त्यानं काय चित्रं काढायची?"

त्यांना मी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचं प्रकरण सांगितलं. रंगांधत्वामुळं एका उमेदवाराला फिल्म एडिटिंगचा प्रवेश नाकारला गेला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढला, आणि एप्रिल 2022 मध्ये न्यायालयानं संस्थेला सांगितलं की रंगांध उमेदवारांना कुठल्याही अभ्यासक्रमातून वगळू नका. आण्णांना खटल्यापेक्षा मी दाखवलेला काळा-पांढरा फोटो जास्त पटला. तो फोटो त्यांनी बराच वेळ हातात धरला होता. मग म्हणाले, "तोड्याला आता नाही पाठवत त्याला. क्रेट मोजायला बसवतो."

परीक्षा उरली होती. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यांत रंगांधत्व येत नाही, त्यामुळं सवलतीचा प्रश्नच नव्हता. आम्ही बाटल्यांच्या झाकणांवर टाचणीनं अक्षरं कोरली आणि पॅलेटवर रंग ठेवायची जागा कायमची ठरवून टाकली. मिश्रणांची वही केली: पिकल्या टोमॅटोला कशात काय किती, तांब्याच्या उजेडाच्या बाजूला काय, सावलीला काय. संध्याकाळी तो माझ्याबरोबर बसून प्रत्येक मिश्रणाचा ठिपका वहीत लावायचा, मी शेजारी नाव लिहायची. कधी शेजारी तबल्याचा सराव चालू असायचा आणि हा तीनतालाच्या ठेक्यावर नकळत मान हलवत रंग घोटायचा.

केंद्रावर मागचं कापड फिकं गुलाबी होतं. त्यानं ते राखाडी रंगवलं. बाकी चित्र त्याचं नेहमीसारखं. निकाल ब श्रेणीचा आला, 5 गुण. त्याला वाईट वाटलं ते श्रेणीचं कमी आणि कापडाचं जास्त. म्हणाला, "गुलाबी असू शकतं हे माझ्या वहीत नव्हतं." मी ते पान वहीत वाढवलं. आता तो कोळसा आणि शाईत काम करतो, आणि दहावीनंतर पुण्यात कला शिकायची असं म्हणतोय. घरात अजून पुरतं ठरलेलं नाही.

जूनपासून पाचवीच्या प्रवेशानंतर पहिल्याच महिन्यात नेत्र चिकित्सा अधिकारी इशिहाराचं पुस्तक घेऊन चित्रकलेच्या तासाला येतात. मुख्याध्यापकांनी तसं वेळापत्रकात घातलं आहे. यंदा पाचवीत एक मुलगा निघाला. भूगोलाच्या बाईंनी त्याच्यासाठी नकाशावर पठारांना तिरप्या रेघा मारून दिल्या आहेत.