शाळा बांधताना गवंडीही घडवा

किल्लारी-सास्तूर पट्ट्यातलं जुनं घर कसं होतं? दोन-अडीच फूट जाड भिंत, तीही एकसंध नाही. बाहेरून दगडांचा एक पदर, आतून दुसरा, मधल्या पोकळीत चिपा आणि माती. वर लाकडी माळवद आणि त्यावर फूट-दोन फूट पांढरी माती. गळायला लागलं की आणखी माती टाकायची. जुनी कुणी उतरवत नसे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे जमीन हलली तेव्हा हे दोन पदर सुटले, बाहेरचा अंगणात पडला, आतला झोपलेल्या माणसांवर, आणि मागोमाग माळवद.

त्यानंतर माणसांनी दगडाचीच धास्ती घेतली. घरदुरुस्तीसाठी मिळालेल्या अनुदानातून जुनी भिंत मजबूत करण्याऐवजी अनेकांनी शेजारी विटा-सिमेंटची एक खोली उभी केली, आणि ती बांधणाऱ्या गवंड्याला पट्टा, म्हणजे सगळ्या भिंतींना एकत्र बांधणारी सळई-काँक्रीटची आडवी चौकट, हे कुणी शिकवलंच नव्हतं. ज्या 52 गावांचं पुनर्वसन नव्या जागेवर झालं तिथली बहुतेक घरं ठेकेदारांनी आणि मदत करणाऱ्या संस्थांनी बांधून दिली. गावाला छप्पर मिळालं, पण स्थानिक हाताला कसब फारसं मिळालं नाही.

म्हणून कुठल्याही आपत्तीनंतर शाळेची इमारत आणि गवंड्यांचं प्रशिक्षण ही दोन वेगळी टेंडरं असू नयेत. नेपाळमध्ये भक्तपूरजवळच्या नांगखेलला 1990 च्या दशकाच्या अखेरीस शाळा भूकंपाला टिकेल अशी करताना गावच्याच गवंड्यांना शिकवलं गेलं. त्यांनी पुढे गावातली घरंही त्याच पद्धतीने बांधली.

अर्थात पक्क्या इमारतीआधी वर्ग सुरू व्हायला हवेत. ढिगाऱ्यातून सगळ्यात आधी शाळेचं कपाट काढा. त्यात जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची नोंदवही असते. ते गेलं तर पुढची वीस वर्षं दाखल्यासाठी आणि जातीच्या पुराव्यासाठी लोक तालुक्याला खेटे घालतात. चाळीस मुलांना 20 बाय 20 फुटांची शेड पुरते. नुसते पत्रे ठोकले तर मार्च-एप्रिलमध्ये दुपारी आत बसवत नाही. पत्र्याखाली बांबूची चटई, कडेची उंची निदान आठ फूट, वरच्या बाजूला हवेला झरोके, आणि खांब काँक्रीटमध्ये रोवलेले. वळवाचा वारा नुसत्या खड्ड्यात पुरलेली शेड उचलून नेतो.

आता प्रशिक्षण. एका अनुभवी मिस्त्रीकडे पाच-सहा जण, त्याहून जास्त नाही. शिकण्याच्या दिवसांचा रोज द्यायलाच हवा. नाही दिला तर चौथ्या दिवशी फक्त म्हातारे आणि पोरं उरतात. तारखा ठरवताना पंचांगापेक्षा शेत बघा. सोयाबीनच्या काढणीत कुणी येणार नाही, आणि दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीची माणसं गाव सोडतात. बायकांना पाणी मारायला आणि घमेली वाहायला ठेवू नका, थापी हातात द्या. किल्लारीनंतरच्या दुरुस्ती कार्यक्रमात महिला मंडळांतल्या बायका ‘संवाद सहायक’ म्हणून घरोघरी तांत्रिक माहिती पोचवत होत्या. समजण्याची अडचण कधीच नव्हती.

पहिला धडा आरपार दगडाचा. भिंतीची जाडी 18 इंचांवर आणा आणि दर दोन फूट उंचीला, आडवे चार-चार फुटांवर, दोन्ही पदरांना बांधणारे लांब दगड घाला. एवढा लांब दगड मिळत नसेल तर दोन्ही टोकांना वाकवलेली 8 मिमी सळई काँक्रीटमध्ये बसवा. दारं-खिडक्या कोपऱ्यापासून निदान दोन फूट लांब ठेवा.

दुसरा धडा पट्ट्याचा, आणि चुका इथेच जास्त होतात. शाळेच्या खोलीची भिंत लांब असते, म्हणून लिंटेल पातळीला, म्हणजे दारं-खिडक्यांच्या लगेच वर, 6 इंचाचा पट्टा, चार सळया, आणि त्यांना वेढणारी 6 मिमीची रिंग दर 6 इंचाला. पट्टा सगळ्या भिंतींवरून अखंड फिरला पाहिजे. सळई कोपऱ्यात तोडली की पट्टा असून नसल्यासारखा; ती कोपऱ्यावरून वळवून पुढच्या भिंतीत न्यायची आणि दोन सळया एकमेकींवर चढतात तो जोड सळईच्या व्यासाच्या साठपट ठेवायचा, म्हणजे 10 मिमीला दोन फूट. रिंगेचं टोक काटकोनात वाकवणं सोपं, म्हणून सगळे तसंच करतात. हादऱ्यात ते उघडतं. ते 135 अंशांत आत वळवायला हवं. आणि सळई साच्यापासून उचलून धरायला तिच्याखाली सिमेंटचे छोटे ठोकळे (कव्हर ब्लॉक) हवेत, खडीचा तुकडा नव्हे.

तिसरी गोष्ट पाणी, आधी जास्त आणि नंतर कमी ही आपली जुनी खोड. माल सरसर पसरावा म्हणून पाणी ओततात. सिमेंटच्या 50 किलोच्या पोत्याला 25 लिटरच्या आसपास थांबायचं. मग ओतून झाल्यावर टँकर नाही म्हणून दोन दिवसांतच पाणी मारणं बंद. लातूरला 2016 मध्ये रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, तेव्हा ही अडचण खोटी नाही. पण निदान सात दिवस, पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट असेल तर दहा, ओली गोणपाटं टाकून पट्टा भिजता ठेवावाच लागतो. टँकरचा खर्च अंदाजपत्रकात सुरुवातीलाच धरा.

पाया काळ्या मातीत संपवू नका. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि भूकंपाची वाट न बघता भिंत तडकवते. मुरूम लागेपर्यंत खोदा.

प्रमाणपत्राबद्दल थोडं. फोटोसह छापलेला कागद घरात टांगायला बरा, पण बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी व्हायला वर्षभरात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. म्हणून प्रत्येक प्रशिक्षणार्थीला शाळेच्या कामावर सलग 90 दिवस भरतील असंच वेळापत्रक आखा आणि हजेरीपट नीट ठेवा. नोंदणी झाली की मुलांच्या शिक्षणासाठीची मदतही मिळते.

ठेकेदाराला मुदतीचा दंड लावलेला असेल तर मात्र यातलं काही होत नाही. तो शहरातून टोळी आणतो आणि शिकणारे रेती चाळत बसतात. करारातच गावच्या माणसांचे दिवस लिहून घ्या आणि त्यांच्यासाठी दीड-दोन महिने जादा द्या.

भूकंपाच्या धोक्याच्या नकाशात किल्लारीचा भाग 1993 आधी झोन एकमध्ये, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. 2002 मध्ये तो झोन तीनमध्ये गेला. नकाशा बदलल्याचं गवंड्याला कोण सांगणार? म्हणून शाळेच्या आवारात नमुना म्हणून कंबरभर उंचीचा भिंतीचा एक कोपरा गिलावा न करता ठेवा. आरपार दगडांवर चुन्याच्या खुणा करा, पट्ट्याची वळवलेली सळई थोडी उघडी दिसू द्या. तिला सिमेंटचं पाणी मारून ठेवा, नाहीतर दोन पावसाळ्यांत गंजेल.