आईचे हात आणि नव्वद सालचं सोलाणं

आई नाशिकच्या पंचवटीतलं जुनं घर बंद करून आमच्याकडे इंदिरानगरला राहायला आली त्याला आता दीड वर्ष होईल. संधिवात तिला खूप आधीपासून आहे, हे मला माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं आणि रोज सकाळी समोर बघणं वेगळं. पहिल्याच आठवड्यात लक्षात आलं की ती लोणच्याची बरणी ओट्यावर काढून ठेवते आणि मी किंवा बायको किचनमध्ये यायची वाट बघत बसते, स्वतःहून हाक मारत नाही. बोटांची पेरं सुजलेली, झाकण धरलं तरी पिळायला जोर येत नाही. दुधी सोलायचा असेल तर पाच मिनिटांनी हात झटकते, परत सोलते, परत झटकते.

मी अंबड एमआयडीसीत टूल रूमला आहे, प्लॅस्टिक पार्टचे मोल्ड, म्हणजे साचे, बनवायचं काम, २२ वर्षं झाली. डब्यांची झाकणं, मुठी, नॉब, काय काय केलंय त्याला गणती नाही. ड्रॉइंग येतं, त्यातली मापं पाळायची, पार्ट मोल्डमधून सुटसुटीत निघाला पाहिजे, कडेला फ्लॅश, म्हणजे जादा प्लॅस्टिकचा पापुद्रा, नको, सायकल टाइम, म्हणजे एक पार्ट निघायला लागणारा वेळ, कमी बसला पाहिजे, एवढंच आमचं जग. ती मूठ उद्या कोण धरणार आहे, त्याच्या बोटांना काय वाटेल, हे मी इतक्या वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. ड्रॉइंगवर ते लिहिलेलंच नसतं ना.

तर त्या दिवसांत मी रात्री जेवण झालं की मोबाइलवर शोधत बसायचो, की हात दुखणाऱ्या माणसासाठी घरात वापरायच्या वस्तू कोणी बनवल्यात का. त्यातून जे सापडत गेलं, जे घरी आणलं, जे टिकलं आणि जे टिकलं नाही, ते लिहून ठेवायचं बरेच दिवस मनात होतं.

पहिलं सापडलं ते ऑक्सोचं सोलाणं. आमच्याकडे पीलर म्हणतात, आई सोलाणं म्हणते. त्याची गोष्ट मी वाचली आणि खरं सांगतो, रात्री साडेअकराला बायकोला उठवून सांगितली. अमेरिकेत सॅम फार्बर म्हणून एक गृहस्थ होते, किचनच्या भांड्यांचाच धंदा केलेले आणि त्यातून रिटायर झालेले. त्यांच्या बायकोला, बेट्सीला, संधिवात होता आणि साधं पत्र्याचं सोलाणं तिला धरवत नव्हतं. त्यांनी हे बघितलं आणि म्हातारपणी परत कामाला लागले, न्यूयॉर्कच्या स्मार्ट डिझाइन या कंपनीला सोबत घेतलं आणि १९९० मध्ये गुड ग्रिप्स नावाने ही अवजारं बाजारात आली. ऑक्सो हे नाव का, तर इंग्रजीत OXO असं लिहा आणि सरळ वाचा, उलटं वाचा, उभं लिहून वाचा, ते ऑक्सोच राहतं.

आमच्या घरी ते आलं तेव्हा मी आधी ते आईला दिलंच नाही, स्वतः दहा मिनिटं हातात घेऊन बसलो. मूठ जाड आहे, आणि गोल नाही तर अंडाकृती आहे. हे मुद्दाम केलंय. गोल मूठ हातात फिरते, मग ती फिरू नये म्हणून आपण बोटं आवळतो, आणि आवळणं हेच तर संधिवाताच्या माणसाला जमत नाही. अंडाकृती मूठ आपोआप तळव्यात बसते. वरचं मटेरियल सँटोप्रीन, म्हणजे रबरासारखं मऊ पण प्लॅस्टिकसारखं मोल्डमध्ये ओतता येणारं, ओल्या हातातनं निसटत नाही. आणि जिथे अंगठा आणि पहिलं बोट येतं तिथे दोन्ही बाजूंना पातळ पातळ पाती, माशाच्या कल्ल्यासारखी, दाबली की वाकणारी. आता ती पाती मोल्डमध्ये काढायची म्हणजे काय कटकट असते हे मला विचारा. एवढे पातळ स्लॉट, त्यात मटेरियल पूर्ण भरलं पाहिजे, पार्ट काढताना फाटला नाही पाहिजे. आमच्याकडे असं ड्रॉइंग आलं असतं तर मीच पहिला म्हणालो असतो की साहेब हे काढून टाका, साधी मूठ ठेवा, खर्च निम्मा होईल. आणि ते काढलं असतं तर त्या वस्तूचा जीवच गेला असता. या विचाराने मला त्या रात्री चांगलंच अस्वस्थ केलं.

दुसऱ्या दिवशी आईने अख्खा दुधी सोलला. मध्ये थांबली नाही. मला वाटलं काहीतरी बोलेल, पण ती सालं गोळा करून चटणीला बाजूला ठेवायला लागली. मग म्हणाली, "याला धार चांगली आहे रे." धार जुन्यालाही होती, तिच्या हाताला ती लावता येत नव्हती एवढंच. पण मी काही बोललो नाही.

एक योगायोग बघा, त्याच १९९० साली इटलीच्या अलेस्सी कंपनीने फिलिप स्टार्क या फ्रेंच डिझायनरचं लिंबू पिळायचं यंत्र बाजारात आणलं, ज्युसी सलिफ. ॲल्युमिनियमचं, तीन लांब पायांवर उभं, एखाद्या कोळ्यासारखं. जगभरात प्रसिद्ध आहे, म्युझियममध्ये ठेवतात. तशाच आकाराचं एक मी कॉलेज रोडच्या एका दुकानात हातात घेऊन बघितलं. दिसायला देखणं आहेच, त्यात वाद नाही. पण बिया अडवायला जाळी नाही, रस धरायला वाटी नाही, खाली आपला ग्लास ठेवायचा आणि सरळ खाली दाबत पिळायचं, म्हणजे सगळा जोर मनगटावर. आईला ते मी कधीच देणार नाही. मॉडर्न डिझाइन म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर असलंच काहीतरी येतं, चकचकीत, शोकेसमध्ये ठेवायचं, आणि माझंही तसंच होतं. एकाच वर्षात एक वस्तू बघण्यासाठी जन्माला आली आणि एक धरण्यासाठी, आणि मी आता पूर्णपणे दुसरीच्या बाजूचा झालोय.

बरणीचा प्रश्न वेगळ्याच गोष्टीने सुटला. मी आधी रबराच्या चकत्या आणल्या, झाकणावर ठेवून पिळायच्या, त्याने पकड येते पण पिळायचा जोर तर लागतोच. मग एक छोटा हूक मिळाला, प्लॅस्टिकचा, झाकणाच्या कडेखाली अडकवून जरासा उचलायचा, आत हवा शिरते, टक् असा आवाज येतो आणि झाकण दोन बोटांनी फिरतं. कारण जॅम-सॉसची बाटली घट्ट असते ती आट्यांमुळे कमी आणि आतल्या व्हॅक्यूममुळे जास्त. सगळे जण आटे पिळत बसतात आणि हा हूक काढणाऱ्याने व्हॅक्यूमच सोडून दिला. याला म्हणतात डोकं! घरच्या लोणच्याच्या बरणीला मात्र याचा उपयोग नाही, तिथे व्हॅक्यूम नसतो, मीठ आणि तेल आट्यात सुकलेलं असतं, त्यामुळे ते झाकण मी अजून स्वतःच उघडून, पुसून, सैल लावून ठेवतो.

वाचायच्या दिव्याचं सांगतो. आई पहाटे पोथी वाचते आणि ट्यूबलाइट लावली तर बाकीचे उठतील म्हणून खिडकीशी बसून उजाडायची वाट बघायची. मी एमजी रोडवरून एक स्प्रिंगवाला टेबल लॅम्प आणला, हात वाकवून कुठेही थांबवता येतो तसा. हे डिझाइन किती जुनं असेल? जॉर्ज कारवर्डाइन या इंग्लंडमधल्या इंजिनिअरने १९३२ मध्ये त्याचं पेटंट घेतलं, अँगलपॉइज नावाने ते दिवे आले. हा माणूस मोटारींच्या सस्पेन्शनचं काम करायचा. दिव्याचा हात आडवा होत जातो तसा वजनाचा झोक वाढतो, आणि स्प्रिंग अशा जागी बसवलीय की नेमकी तितकीच तिचीही ओढ वाढते, त्यामुळे कुठल्याही स्थितीत दोन्ही सारखे राहतात आणि दिवा सोडला तिथेच थांबतो. ना स्क्रू आवळायचा, ना नॉब फिरवायचा. आई एका बोटाने ढकलते. नव्वद वर्षांहून जुनी युक्ती, पण मला ती आत्ता आईच्या बोटामुळे दिसली, आणि मी रोज कामावर स्प्रिंगांमध्येच असतो.

फॅन पण बदलला, तिच्या खोलीतला. बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेल्या मोटरचा, घेतला रिमोटवाला, उठून रेग्युलेटर फिरवायला नको म्हणून. साधा फॅन साधारण ७५ वॅट खातो, हा फुल स्पीडला २८ च्या आसपास, कारण फिरणाऱ्या भागात कायमचे मॅग्नेट असतात आणि बाकी खेळ इलेक्ट्रॉनिक्सचा. दिवसाला दहा तास धरा, महिन्याला एका फॅनमागे १४ युनिट वाचतात. बसवताना जुना रेग्युलेटर मात्र काढून टाकायला सांगा, त्याच्यावर हे फॅन नीट चालत नाहीत.

सगळंच जमलं असं नाही हं. हात खाली धरला की साबण ओतणारं सेन्सरचं यंत्र आणलं होतं, पाचव्या आठवड्यात बंद पडलं, आणि चालू होतं तेव्हाही सेल बदलायचं झाकण इतकं घट्ट की ते मलाच स्क्रूड्रायव्हरने उघडावं लागायचं. ज्या माणसाच्या हातात जोर नाही त्याच्यासाठी वस्तू बनवायची आणि सेलचं झाकण नखाने उघडायचं ठेवायचं, याचा मला मनापासून राग आला. पलंगाखाली लावायची सेन्सरची लाइट पट्टी मात्र उत्तम निघाली. माणसाच्या अंगाची उष्णता हलली की तिला कळतं, रात्री आईने पाय खाली ठेवला की जमिनीवर मंद उजेड होतो, डोळ्यावर येत नाही, अर्ध्या मिनिटाने आपोआप जातो. बाथरूमपर्यंत दोन पट्ट्या लावल्यात.

आणि मग एक दिवस पंचवटीच्या घरातलं उरलेलं सामान आणायला गेलो तर माळ्यावर दूध तापवायचा शिट्टीवाला कुकर सापडला. दुहेरी भिंतीचं ते भांडं, मध्ये पाणी भरायचं. लहानपणी त्याच्या शिट्टीनेच मला जाग यायची. विस्तवाची आच दुधाला थेट लागतच नाही, मधल्या पाण्याची लागते, पाणी उकळलं की त्याच्यापुढे तापत नाही, म्हणून दूध करपत नाही, उतू जात नाही, आणि वाफ झाली की शिट्टी वाजते. किती हुशार वस्तू! मी जगभर शोधत होतो आणि ही ४० वर्षं आमच्या माळ्यावर. घासून, शिट्टीचं भोक तारेने मोकळं करून आईला दिली, आता दुधापाशी उभं राहावं लागत नाही.

त्यानंतरच्या रविवारी आई म्हणाली मला भांडी बाजारात घेऊन चल. गाडी रविवार कारंजाच्या अलीकडे लावली आणि हळूहळू चालत गेलो. तिथे गेल्यावर ती वेगळीच होते, प्रत्येक भांडं उचलून तळव्यावर तोलून बघते. मी तिला सांगितलं की चार्ल्स आणि रे ईम्स म्हणून अमेरिकेतलं एक डिझायनर जोडपं आपल्या सरकारच्या बोलावण्यावरून भारतात आलं होतं, १९५८ मध्ये त्यांनी रिपोर्ट दिला, त्यातूनच पुढे १९६१ ला अहमदाबादची डिझाइनची राष्ट्रीय संस्था उभी राहिली, आणि त्या रिपोर्टमध्ये त्यांनी भारतात बघितलेल्या सगळ्या वस्तूंमध्ये सर्वांत सुंदर कुठली म्हटली असेल, तर लोटा. आपला तांब्या. किती पाणी मावतं, भरल्यावर तोल कुठे जातो, तळव्यात कसा बसतो, धरणारा हात केवढा, किती जोराचा, बाईचा की पुरुषाचा, आतून घासता येतो का, हे सगळे प्रश्न त्यांनी त्या लोट्याला विचारलेत. आई ऐकत होती. मग समोरचा तांब्या मानेखाली चार बोटांनी धरून म्हणाली, "हे बघ, इथे गळा आत गेलाय ना, म्हणून आवळावा लागत नाही. बोटं नुसती अडकवायची." जो मुद्दा मला त्या सोलाण्याच्या मुठीत कळायला २२ वर्षं लागली, तो तिने तिथे उभ्याउभ्या सांगितला. आणि वर ते फुलपात्र, तांब्यावर उपडं घातलं की झाकण, सुलटं केलं की प्यायला भांडं.

तांब्या घेतला. ओट्यावर ठेवायची घडीची विळी पण बघितली, उभ्याने चिरता येईल अशी, पाट चांगला रुंद होता. विळीत मला आवडतं ते हे की पातं स्थिर असतं आणि भाजी फिरते, दोन्ही हात भाजीवर, सुरी आवळून धरायला लागत नाही. पण पात्याचा खिळा फार घट्ट होता, आईला ते उघडता-मिटता आलं नसतं. दुकानदाराला विचारलं खिळा सैल करून मध्ये वॉशर टाकून देता का, तो म्हणाला पुढच्या रविवारी या, करून ठेवतो.

आता राहिली गॅसची बटणं. आत दाबून फिरवायची, गुळगुळीत, छोटी, आईला अजून ती जमत नाहीत आणि बाजारात मला हवं तसं काही मिळालं नाही. म्हणून गेल्या आठवड्यात शेगडीचं एक बटण काढून कामावर नेलं, माप घेतलं, आणि साहेबांना विचारून सुट्टीनंतर तासभर थांबून त्याच्यावर बसणारी टोपी काढली, बोटाएवढा दांडा असलेली, म्हणजे दोन बोटांनी पिळण्याऐवजी तळव्याने दाबून ढकलता येईल. पहिली टोपी नायलॉनच्या तुकड्यातून मिलिंग करून आणली. आईने लावून बघितली आणि म्हणाली दांडा लांब झालाय, पातेल्याला लागतो, आणि कडा बोचते. बरोबर आहे तिचं. बारा मिलिमीटरने कमी करतोय, कडेला तीन मिलिमीटरचा रेडियस, म्हणजे गोलाई, देतोय, आणि या वेळी ड्रॉइंगच्या कोपऱ्यात, जिथे आम्ही मटेरियल आणि टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालेल ते, लिहितो, तिथे खाली एक ओळ वाढवलीय: आईकडून तपासून घेणे.