करखात्याचे तोतये आणि न आलेले पत्र

२०१५च्या फेब्रुवारीत एका रात्री माझ्या मामेभावाचा फोन आला. तो तेव्हा न्यू जर्सीतल्या एका विद्यापीठात एमएस करत होता आणि अमेरिकेत येऊन त्याला जेमतेम दीड वर्ष झाले होते. बराच वेळ तो काही बोललाच नाही, आणि मग म्हणाला, "ताई, मला अटक होणार आहे का?" दुपारी चारच्या सुमारास त्याला आयआरएस, म्हणजे अमेरिकेचे प्राप्तिकर खाते, येथून बोलत असल्याचे सांगणाऱ्या एका माणसाचा फोन आला होता. त्या माणसाने स्वतःचे नाव आणि बिल्ला क्रमांक सांगितला, भावाच्या सोशल सिक्युरिटी क्रमांकाचे, म्हणजे अमेरिकेतल्या सरकारी ओळख क्रमांकाचे, शेवटचे चार आकडे वाचून दाखवले आणि आदल्या वर्षीच्या विवरणपत्रात चूक असल्यामुळे दोन हजार आठशे डॉलर तासाभरात भरले नाहीत तर पोलीस दारात येतील व व्हिसा रद्द होईल, असे बजावले. फोन ठेवायचा नाही, कोणाशी बोलायचे नाही, असेही त्याला सांगण्यात आले. फोन कानाला लावूनच तो दुकानात गेला, पाचशे डॉलरची दोन गिफ्ट कार्डे विकत घेतली आणि त्यांच्या मागचे क्रमांक खरवडून वाचून दाखवले. तेवढ्यात बॅटरी संपली म्हणून उरलेले अठराशे डॉलर वाचले. खोलीवर येऊन त्याने फोन चार्जिंगला लावला, तेव्हा दुसरा फोन आला आणि या वेळी पडद्यावर ९११ हा पोलिसांचा क्रमांक दिसत होता.

मी त्याला एकच प्रश्न विचारला, "पत्र कुठे आहे?" असे कोणतेही पत्र त्याच्याकडे आलेले नव्हते.

हा प्रश्न मला सुचला, कारण काही वर्षांपूर्वी माझ्या स्वतःच्या विवरणपत्रात एक आकडा चुकला होता आणि त्या वेळी आयआरएसने माझ्याशी कसा व्यवहार केला हे मी पाहिले होते. टपालाने एक पत्र आले होते, त्यात कोणत्या वर्षाचा कोणता आकडा जुळत नाही हे लिहिले होते, मान्य नसल्यास उत्तर द्यायला मुदत होती आणि धनादेश काढायचाच असेल तर तो 'युनायटेड स्टेट्स ट्रेझरी'च्या, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी खजिन्याच्या, नावे काढावा, अशी सूचना होती. करखाते कितीही कठोर असले तरी त्याच्या कामाला एक क्रम असतो: आधी कागद, मग मुदत, मग आक्षेप घेण्याचा हक्क, आणि त्यानंतर वसुली. तोतया अधिकाऱ्याला हा सगळा क्रम पुसून टाकावा लागतो, कारण समोरच्या माणसाला एक रात्र विचार करायला मिळाली किंवा घरातल्या एखाद्याशी दोन शब्द बोलता आले, तर त्याचा डाव तिथेच संपतो. घाई करणे आणि एकटे पाडणे या दोन गोष्टींवरच हा सारा धंदा चालतो, आणि म्हणून इंग्रजीचा हेल, बिल्ला क्रमांक किंवा पडद्यावर दिसणारा नंबर यांपेक्षा या दोन गोष्टींकडे लक्ष देणे मला अधिक महत्त्वाचे वाटते. पडद्यावरचा नंबर हवा तसा दाखवता येतो, आणि सोशल सिक्युरिटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे कुठूनतरी फुटलेल्या माहितीतून मिळू शकतात. परंतु जगातले कोणतेही करखाते गिफ्ट कार्डांच्या रूपात कर घेत नाही, आणि व्हिसा किंवा वाहन परवाना रद्द करण्याचा अधिकार आयआरएसला नाही.

यात एक बारकावा आहे, तो सांगायलाच हवा. एप्रिल २०१७पासून आयआरएस काही जुनी थकबाकी खासगी वसुली संस्थांकडे सोपवते आणि त्यांचे खरे फोन येतात, त्यामुळे "करखात्याच्या वतीने फोन येतच नाही" असे सरसकट सांगणे बरोबर नाही. मात्र तिथेही आधी आयआरएसचे पत्र येते, मग त्या संस्थेचे पत्र येते, दोन्ही पत्रांवर ओळख पटवण्याचा एकच क्रमांक असतो, आणि पैसे त्या संस्थेकडे नव्हे तर सरकारी खजिन्यातच भरायचे असतात. शंका आली तर फोन ठेवावा आणि आयआरएसच्या अधिकृत संकेतस्थळावर स्वतःचे खाते उघडून थकबाकी आहे का ते पाहावे. फोन करणाऱ्याने दिलेल्या क्रमांकावर उलट फोन मुळीच करू नये.

भावाने त्या वेळी तक्रार केली नाही. आपण फसलो हे विद्यापीठात कळेल, व्हिसाच्या कागदांत कुठेतरी नोंद होईल, अशी त्याला भीती होती आणि मीही आग्रह धरला नाही. याची खंत मला आजही आहे, कारण तो एकटा नव्हता. अमेरिकी अर्थखात्याचा कर प्रशासनावर देखरेख ठेवणारा एक स्वतंत्र महानिरीक्षक विभाग आहे, त्याच्याकडे ऑक्टोबर २०१३पासूनच्या अशा फोनांच्या तक्रारी जमा होत होत्या आणि २०१८च्या सुरुवातीपर्यंत बारा हजारांहून अधिक लोकांनी मिळून ६ कोटी डॉलरहून अधिक रक्कम गमावल्याची नोंद तिथे झाली होती. नोंद न करणारे माझ्या भावासारखे किती असतील, हा विचार मनातून जात नाही.

मग ऑक्टोबर २०१६ उजाडला. ठाणे पोलिसांनी मीरा रोडमधील कॉल सेंटरांवर छापे घातले, सातशेहून अधिक जणांची चौकशी केली आणि ७० जणांना अटक केली; तिथली तरुण मुले आयआरएसचे अधिकारी असल्याचे भासवून अमेरिकेतल्या लोकांना धमकावत होती. भावाचे घर वसईचे. कॉलेजची चार वर्षे तो रोज मीरा रोड स्थानकावरून लोकलने जात असे. त्याचा फोन तिथूनच आला असे मी म्हणणार नाही, तसा काही पुरावा नाही. परंतु ती बातमी वाचून त्याने मला फोन केला, तेव्हा पहिल्यांदाच त्याच्या आवाजात लाजेऐवजी संताप होता. त्याच महिन्याच्या अखेरीस अमेरिकेच्या न्याय खात्याने ५६ व्यक्ती आणि अहमदाबादमधील पाच कॉल सेंटरांवर आरोपपत्र जाहीर केले. जुलै २०१८मध्ये या खटल्यात २१ जणांना शिक्षा झाल्या, काहींना तर वीस वर्षांपर्यंत. न्याय खात्याने तेव्हा सांगितले की वृद्ध आणि कायदेशीररीत्या स्थलांतरित झालेले लोक हे या टोळीचे मुख्य सावज होते. दूरच्या देशात कागदपत्रांच्या भरवशावर जगणाऱ्या माणसाचे भय नेमके कुठे असते हे त्यांना ठाऊक होते.

मीरा रोडची बातमी वाचली त्याच आठवड्यात भावाने तक्रार नोंदवली. महानिरीक्षकांच्या संकेतस्थळावर तोतया अधिकाऱ्यांसाठी वेगळा अर्ज आहे, तो भरायला त्याला वीसेक मिनिटे लागली. दुसरी तक्रार फेडरल ट्रेड कमिशनकडे, म्हणजे ग्राहकांच्या फसवणुकीच्या तक्रारी घेणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेकडे, केली. फोन आल्याची तारीख आणि वेळ, पडद्यावर दिसलेला क्रमांक, फोन करणाऱ्याने सांगितलेले नाव, मागितलेली रक्कम आणि पैसे भरण्याची पद्धत एवढे अर्जात लागते. कार्डे आणि त्यांच्या पावत्या त्याने फेकल्या नव्हत्या, हे चांगले झाले. मात्र कार्ड देणाऱ्या कंपनीला त्याच दिवशी कळवायला हवे होते, कारण रक्कम गोठवली जाण्याची आशा असेल तर ती पहिल्या काही तासांतच असते. दीड वर्षाने पैसे परत मिळण्याचा प्रश्नच नव्हता. पैसे गेले नसले तरीही तक्रार करावी, कारण एकच क्रमांक अनेक तक्रारींत सापडला की तपासाला धागा मिळतो.

भारतातल्या आईवडिलांसाठीही हाच क्रम लागू पडतो. १ ऑक्टोबर २०१९पासून प्राप्तिकर विभागाच्या पत्रांवर आणि नोटिशींवर संगणकाने तयार केलेला दस्तऐवज क्रमांक असतो, आणि तो खरा आहे का हे ई-फायलिंग पोर्टलवर लॉगिन न करताही तपासता येते. परतावा आधी पडताळलेल्या बँक खात्यातच जमा होतो, त्यासाठी कोणीही ओटीपी किंवा पिन मागत नाही. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करून सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार करावी. पैसे गेले नसतील, केवळ संशयास्पद फोन किंवा संदेश आला असेल, तर 'संचार साथी' पोर्टलवरील 'चक्षू' ही सुविधा आहे.

गेल्या जुलैत मामांना परतावा मंजूर झाल्याचा एक संदेश आला आणि पाठोपाठ फोनही आला. त्यांनी समोरच्याला नोटिशीवरचा क्रमांक विचारला, तेव्हा फोन बंद झाला. मग भावाने अमेरिकेतून व्हिडिओ कॉल करून त्यांना 'चक्षू'वरचा अर्ज दाखवला आणि मामांनी तो स्वतः, चष्मा लावून, एकेक अक्षर टाइप करत भरला.