सोफी जाऊ दे

एप्रिलमध्ये म्युनिकची हवा माणसाला लोभात पाडते. दक्षिणेकडून आल्प्स उतरून फ्योन वारा येतो, दुपारी पारा 25 च्या आसपास जातो, आइस्क्रीमच्या दुकानापुढे रांग लागते. नर्सरीवाले टोमॅटोची रोपं दारातच मांडतात. आणि दोन दिवसांनी त्याच रांगेतली मंडळी सकाळी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत असतात.

माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत तेव्हा दह्याच्या रिकाम्या डब्यांमध्ये टोमॅटो आणि मिरच्या उभ्या असतात. उजेडासाठी काचेकडे झुकून झुकून लांबुडक्या, लेच्यापेच्या झालेल्या. रोज डबे फिरवायचे, मग त्या उलट्या बाजूला वाकतात. मेथी-कोथिंबिरीचं बरं असतं, गारठा त्यांना चालतो. त्या कधीच बाल्कनीत गेलेल्या असतात. टोमॅटोबद्दल खालच्या मजल्यावरच्या आजींना विचारावं, तर उत्तर ठरलेलं: "सोफी जाऊ दे."

सोफी म्हणजे 'थंड सोफी', 15 मेची संत. तिच्या आधी 12, 13, 14 ला पंक्राट्सियुस, सेर्वाट्सियुस आणि बोनिफाट्सियुस. हे सगळे मिळून बर्फाचे संत. त्यांचे दिवस सरेपर्यंत रात्री गोठवणारी थंडी परत येऊ शकते, असा इथला समज. उत्तर जर्मनीत 11 तारखेचा मामेर्टुसही धरतात, कारण गार वारं तिकडून येतं आणि आमच्यापर्यंत पोचायला एक दिवस जास्त घेतं, असा हिशोब. यातला पंक्राट्सियुस म्हणे जेमतेम चौदा वर्षांचा पोरगा होता. त्याच्या धाकानं अख्ख्या देशाचे टोमॅटो घरात!

बरं, 1582 साली पोप ग्रेगरींच्या सुधारणेत कॅलेंडर दहा दिवस पुढे सरकलं, संत मात्र आपापल्या तारखांनाच बसून राहिले. म्हणजे जुन्या लोकांनी पाहिलेली ती थंडी आताच्या मेअखेरीकडे यायला हवी. आजींना हे सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, कॉफी घेणार का?

त्यांना हसायचीही सोय नाही. मृगाचं वाहन यंदा बेडूक की कोल्हा, हे पंचांगात बघितल्याशिवाय आमच्या घरी पावसाचा विषय निघत नसे.

फोनवरचं हवामान मी बघतेच. पण तिथला आकडा जमिनीपासून दोन मीटर उंचीवरचा असतो आणि रोपं असतात खाली. तीन अंश दाखवत असलं तरी गवतावरचं दव गोठू शकतं. त्यातही निरभ्र, वारा पडलेली रात्र वाईट. ढग असले तर जमिनीची ऊब बरीचशी अडते. आभाळ मोकळं असलं की ती सरळ वर निघून जाते. एप्रिल 2024 मध्ये अशाच रात्रींनी बव्हेरियाच्या उत्तरेकडच्या फ्रँकोनियातल्या द्राक्षवेलींचे कोवळे कोंब काळे केले. अशा रात्री द्राक्षवाले मळ्यात मोठ्या मेणबत्त्या पेटवून जागतात. मी चांदणं पडलेलं दिसलं की बाल्कनीचं दार लावून घेते. चांदण्याचं कौतुक करायला जुलै आहे.

मे उजाडला की रोपांना बाहेरची सवय लावायची. आधी तासभर सावलीत, मग थोडं ऊन, संध्याकाळी परत आत. एकदम उन्हात ठेवली तर पानं पांढरी पडतात. हातात ट्रे घेऊन मी आत-बाहेर करत असते आणि समोरच्या बाल्कनीतले एक आजोबाही तेच करत असतात. आम्ही एकमेकांना फक्त मान डोलावतो.

सोफी गेली की टोमॅटो कुंडीत जातात. मिरच्यांना मात्र तेवढ्यानं भागत नाही, त्यांना रात्रीसुद्धा ऊब लागते. त्या खिडकीतच राहतात, पार जून उजाडेपर्यंत. तोवर साताऱ्याहून आईचा फोन येतो, "यंदा वाहन हत्ती आहे गं." मीही लगेच विचारते, "मग लावू का मिरच्या?"